उन्हाळ्याचं पाणी

आईच्या भाकरीचा आवाज आमच्या वाडीत सगळ्यांना ओळखू यायचा. बाकीच्या बायका एकसारखं थापायच्या, थप थप, थप थप. आईची एक थाप मोठी आणि एक लहान असायची, कारण ती एका हाताने थापायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी भाकरी फिरवायची. कोकणात अशीच करतात म्हणे. माझी आत्या यावरून तिला टोमणे मारायची, "लंगडी भाकरी करती आमची वयनी." आई ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहानपणी मला वाटायचं की आईला बोलण्यासारखं काही नसेलच. मी भाऊंची लेक होते. भाऊ म्हणजे आमचे वडील, पण सगळी वाडी त्यांना भाऊच म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. भाऊ बोलके, हसरे, शब्दाला पक्के. ओट्यावर बसले की येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून चहा पाजायचे. चहा आई करायची, हे मला फार उशिरा उमगलं.

बेडशाची लेणी आहेत त्या डोंगराखाली आमची वाडी. घर चार खणांचं, पुढे ओटा, बाजूला गोठा, गोठ्यापुढे बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी. एका अखंड दगडाची, एक माणूस पाय पसरून बसेल एवढी लांब. घरात आंबेमोहराचा वास कायम भरलेला. पाण्याच्या आमच्याकडे दोन जागा होत्या. एक ओढा, त्याला सगळे पावसाळ्याचं पाणी म्हणत, कारण माघ आला की तो आटायचा. दुसरं डोंगराच्या अंगाला कातळात कोरलेलं टाकं. ते कधीच आटायचं नाही. चैत्र-वैशाखात सगळी वाडी त्याच्यावर जगायची, म्हणून ते उन्हाळ्याचं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव. त्यात काही घोटाळा असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आई घाटाखालची, लांब कोकणातली. तिचं लग्न लोणावळ्यात तिच्या मामाकडे लागलं. मामा रेल्वेत गँगमन होता. आईबाप तिचे लहानपणीच गेलेले, त्यामुळे भाऊंनी तिचं गाव कधी बघितलंच नव्हतं. लग्न होऊन ती आली ती थंडीत. पहिल्याच पहाटे पाण्याखाली जाळ घालता घालता ती आत्याला म्हणाली, "आमच्या गावाला उन्हाळं हाय. पानी जमिनीतनंच तापून येतं, जाळ घालावा लागत न्हाई." झालं! आत्याने हंडा टाकला आणि ओट्यावर धावत गेली. "भाऊ, ऐकलंस का रं? नवरी म्हंती हिच्या गावाला पानी जमिनीतनं तापून येतं!" भाऊ तेव्हा वीस-बावीसचे. ते पोट धरधरून हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंग शेतातनं भात पन शिजूनच निघत आसंल!" तेव्हापासून आईचं नाव पडलं, शिजल्या भाताच्या गावची. हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात, बांधावर, कुठेही. "आली का शिजल्या भाताच्या गावची?" मी पण हसायचे. या हसण्याची लाज मला आता वाटते, तेव्हा वाटली नाही.

हल्ली मी वराळ्याला राहते, लेकाच्या फ्लॅटमध्ये. कामशेतला जायचं झालं की वाटेत पाट्या बघते. स्पा, वेलनेस, मिनरल बाथ. लोणावळ्याला माणसं बरी व्हायला येतात ही काही आजची गोष्ट नाही. आधी साहेब आले हवेसाठी. मग मुंबईचे शेटजी आले, त्यांनी बंगले बांधले, आरोग्यभवनं बांधली, तिथे दमेकरी येऊन खुर्च्यांवर बसायचे. मग निसर्गोपचारवाले आले, अंगाला माती फासणारे, नुसत्या फळांवर ठेवणारे. आता हे. पण पाणी मात्र इथलं कायम गार. जमिनीतून गरम पाणी देण्याचं देवाने ठरवलं ते घाटाखाली, कोकणात. मावळाच्या वाट्याला धुकं आणि पाऊस.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. पुण्याचे एक वैद्य लोणावळ्याला कुणा स्नेह्याच्या बंगल्यावर उतरले होते आणि लेणी बघायला आले होते. मूळचे रत्नागिरीकडचे. उतरताना दमले, भाऊंनी हाक मारली, ओट्यावर बसले. मी चहा नेऊन दिला आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. आत आईच्या भाकऱ्या चालल्या होत्या. वैद्यबुवांनी बायकोचं दुखणं सांगितलं. संधिवात. बोटं वाकडी झालेली, गुडघे धरलेले. कोकणातल्या उन्हाळ्याचं पाणी तिला मानवतं, पण तिथला दमटपणा मानवत नाही. इथल्यासारखी कोरडी हवा हवी आणि तसलं पाणी हवं. पावसाळ्यातलं मावळ बुवांनी बघितलं नव्हतं, हे उघड आहे. मग त्यांनी विचारलं, "इकडे कुठे उन्हाळ्याचं पाणी आहे का हो, भाऊ?"

"हाये की!" भाऊंची छाती फुगली. "आमच्याच मळ्याच्या वरच्या अंगाला."

"काय सांगता! बारा महिने असतं?"

"बारा म्हैने. दुनिया आटली तरी त्ये न्हाई आटायचं."

"आणि अंगाला सोसतं का?"

"एकदम न्हाई सोसत. पयल्यांदा पाय घातला का जीव वर येतो. मंग हळूहळू सवय व्हती."

वैद्यबुवा पुढे सरकून बसले. "वास येतो का हो त्याला?"

भाऊ जरा ओशाळले. "पालापाचोळा कुजतो, खोटं कशाला बोलू? येतो जरासा."

"वा, वा! यायलाच हवा!" वैद्यबुवांना आनंद मावेना. उन्हाळ्याच्या पाण्याला गंधकाचा वास असतो हे तेव्हा मला कुठे ठाऊक? मला वाटलं, शहरातल्या माणसांना कुजका वास आवडत असेल.

याच वेळी आत भाकरीचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. आईचे दोन्ही हात काठवटीत तसेच होते आणि ती दाराकडे बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग तिने ती उलटली, दुसरा गोळा घेतला आणि आवाज पुन्हा सुरू झाला, एक मोठी थाप, एक लहान.

वैद्यबुवांना मळवलीची गाडी गाठायची होती, दिवस कलला होता, म्हणून टाकं बघायला कुणी वर गेलं नाही. होळीनंतर बायकोला घेऊन यायचं, शेजारच्या चुलत्यांच्या बंद घरात राहायचं आणि गुण आला तर इथेच आरोग्यधाम काढायचं असं ठरलं. भाऊंनी शब्द दिला. भाऊंचा शब्द म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्यांनी घर सारवून घेतलं, कौलं चाळून घेतली, टाक्यापर्यंतची पायवाट कुदळीने सारखी केली, आणि कामशेतच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून आले की पुण्याचा वैद्य आपल्या पाण्यासाठी येतोय. आईने मधे एकदाच विचारलं, "खरंच येनार हायेत का ते लोक?" भाऊ म्हणाले, "मंग, मी काय खोटं बोलतोय?" आई हंडा उचलून पाण्याला गेली.

ते आले ते कामशेतहून बैलगाडीतून, गादी घालून. काकूंना, म्हणजे वैद्यबुवांच्या बायकोला, दोघांनी उचलून उतरवलं. गोरी, बारीक बाई. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. खाली बसता येईना म्हणून आईने पालथ्या उखळावर पाट ठेवून उंच बसायला दिलं. मी पाणी नेलं तर ओंजळीत भांडं धरून प्यायल्या आणि हसून मला म्हणाल्या, "बरं का गं, आमच्या बुवांना साऱ्या पुण्याच्या नाड्या कळतात, पण ब्लाउजचं हुक कुठल्या काजात जातं ते सहा वर्षं झाली तरी कळत नाही. एकदा माझं मला हुक लावता आलं ना, की मी सुटले." हसण्यावारी नेत होत्या, पण बघितलं तर हुकं खरोखरच वरखाली लागलेली होती.

वैद्यबुवांना धीर निघेना. अर्धी वाडी मागे घेऊन भाऊ त्यांना टाक्यावर घेऊन गेले. भाऊ म्हणाले, "घाला हात." वैद्यबुवांनी उपरणं आवरलं, वाकले आणि एक बोट नुसतं टेकवून झटकन मागे घेतलं, आपण तापल्या तव्याला बोट लावून बघतो तसं. मग थांबले. परत बोट बुडवलं. मग पंजा. मग कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच वाकून राहिले.

"अहो भाऊ," ते म्हणाले, "हे तर गार आहे."

"मंग!" भाऊ अभिमानाने सगळ्यांकडे बघत म्हणाले. "भर चैतात! बर्फावानी!"

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. वैद्यबुवा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उतरून ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, चूक माझी, मी बघायला हवं होतं, उद्या सकाळच्या गाडीने आम्ही जातो. भाऊंना अजून कळेना की बिघडलं काय. "उनाळ्याचं पानी म्हनलं, उनाळ्याचंच दावलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मागची माणसं हसायला लागली होती. आपल्या बापाला कुणी खोटा म्हणेल ही कल्पनाच मी कधी केली नव्हती.

तेव्हा आई दारात आली. पिठाचे हात पदराला पुसत ती वैद्यबुवांना म्हणाली, "हितले लोक उनाळ्यात टिकतं त्याला उनाळ्याचं पानी म्हंत्यात. तुमी म्हंता ते उन्हाळं निराळं. कढतं पानी, जमिनीतनं येतं. ते माझ्या म्हायेरी हाये."

भाऊ वळले. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"त्या दिशी ऐकत व्हतीस?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते की," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सतरा वर्सांमागं. तवा तुमी समदे हसला."

आत्या पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. मला मात्र त्या वेळी आईचाच राग आला, हे इथे लिहायला हवं. एक शब्द बोलली असती तर भाऊंची शोभा झाली नसती, ती बाई एवढ्या लांबून हाल काढत आली नसती. तिने मुद्दाम सूड घेतला असं मला वाटलं. पुढे तळेगावच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून माझा जन्म गेला. "मला कोण विचारतंय" म्हणून दुखणं न सांगणाऱ्या बाया मी शेकड्यांनी बघितल्या. त्यात सूड वगैरे काही नसतो. सांगायची सवय मोडलेली असते, एवढंच.

आईने पुढे कुणाला विचारलं नाही. "काकू आता आल्याच हायेत तर एकवीस दिस ऱ्हावा. उन्हाळं न्हाई, पन त्याची रीत मला ठावी हाये," म्हणाली आणि कामाला लागली. गोठ्यापुढची दगडी डोणी तिने माझ्याकडून राखेने तीनदा घासून घेतली. भाऊंना ओढ्याकाठची निरगुडी आणायला पाठवलं आणि ते मुकाट्याने गेले! अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढवला, निरगुडीचा पाला उकळला आणि ते पाणी डोणीत ओतून काकूंना लुगड्यानिशी आत बसवलं, भोवती बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला. पाण्यात असताना बोलायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. बाहेर आलं की घोंगडीत गुंडाळून घाम जिरू द्यायचा, मग मिठाची पेज प्यायची. कोकणातल्या कुंडावर तिची आई आजाऱ्यांना असंच सांभाळायची, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. बैल दोन दिवस बादलीतून पाणी पिईनात, डोणीकडे बघून हंबरायचे. आत्या म्हणायची, "बाई बसली डोनीत आन्‌ बैल तान्हेले, काय ही तऱ्हा!" पण लाकडं आणून द्यायची.

मळवलीच्या एका रिसॉर्टात आता माझ्या भाचीची लेक कामाला आहे. तिने मला हौसेने तिथला स्पा दाखवला. मंद दिवा, बासरीचा आवाज, मधोमध काळ्या दगडाचा टब, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. ती म्हणाली, "आज्जी, हा खास बनवून घेतलाय." मी म्हटलं, "अगं ही तर डोणी!" तिला काही ते आवडलं नाही.

डोणीवरच्या त्या दिवसांत वैद्यबुवा बाजूच्या बाजेवर बसून आईला कुंडाबद्दल विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. आई बोलायची. मी तिला इतकं बोलताना त्याआधी बघितलं नव्हतं. कुणी म्हणतं रामाने बाण मारला आणि पाणी निघालं, कुणी म्हणतं सीतेसाठी. कुठल्यातरी साहेबाची खरूज बरी झाली म्हणून त्याने पायऱ्या बांधल्या. अर्धांगवायूची माणसं डोलीतून यायची, महिना महिना धर्मशाळेत राहायची. वरचं कुंड पुरुषांचं, मधलं बायकांचं, आणि सगळ्यांची अंघोळ होऊन पाणी खाली जायचं तिथे ज्यांना वर येऊ देत नसत त्यांचं. "बरं मातूर तेबी व्हायचे," आई म्हणायची. भाऊ गोठ्यात शेण भरायचे. एकदा बघितलं तर पाटी तशीच हातात धरून उभे होते, ऐकत.

काकूंना गुण आला का? सगळं बरं झालं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण झालं ते सांगते. अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी आडोशाच्या आतून त्यांनी मला हाक मारली. "बाहेरच थांब, आत येऊ नकोस," म्हणाल्या. मी थांबले. बराच वेळ गेला. मग तट्ट्या सारून बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. ब्लाउजची खालची तीन हुकं लागली होती, सरळ, ज्या त्या काजात. वरची दोन राहिली होती. त्यांनी आईचे हात हातात धरले आणि रडल्या. वरची दोन वैद्यबुवांनी लावली, वाकडी. मी विचारलं की हे गरम पाण्याने झालं, निरगुडीने, का विसाव्याने? वैद्यबुवा म्हणाले, "बाळ, मला माहीत नाही." इतकं खरं बोलणारा वैद्य नंतर मला फार भेटला नाही. आरोग्यधाम काही निघालं नाही. पाऊस लागायच्या आत ते पुण्याला गेले, दोन-तीन वर्षं दिवाळीला पत्र यायचं.

ते गेले त्याच आठवड्यात भाऊ आईला म्हणाले, "चल." "कुटं?" "तुझ्या गावाला." आई म्हणाली, पेरणी तोंडावर आली. भाऊ म्हणाले, "व्हईल ती." भातपेरणी तोंडावर असताना मावळातला माणूस घर सोडून जातो हे कुणी ऐकलं नसेल. खोपोलीपर्यंत रेल्वेने, पुढे दोन एसट्या बदलून आणि शेवटी पायी आम्ही तिघं गेलो. आईच्या ओळखीचं तिथे कुणी उरलं नव्हतं. पण कुंडं होती. पाण्यावर वाफ होती आणि वास असा की मी नाक दाबून धरलं. आई मात्र तोंड उघडून तो वास आत घेत होती. भाऊंनी धोतर वर खोचून पायरीवरून पाय घातला आणि "अगं आई गं!" करून ओरडले. पाय घोट्यापर्यंत लाल. आजूबाजूचे लोक हसले, भाऊही हसले, मग हसायचे थांबून नुसते बसून राहिले.

आईने कनवटीची पुरचुंडी काढली. घरून निघताना तिने आंबेमोहराचे दोन मुठी तांदूळ बांधून घेतले होते, आम्हाला न सांगता. जिथे पाणी उकळ्या मारत वर येत होतं तिथे तिने ती पुरचुंडी दोरीने सोडली आणि दोरी धरून बसली. तासभर तरी गेला असेल. मग तिने ती वर ओढली, गाठ सोडली आणि पळसाच्या पानावर आम्हा दोघांना वाढलं.

मी घास घेतला. तांदूळ वरून मऊ झाला होता, पण आत चांगली कणी होती, दाताखाली कचकच लागत होती. त्याला गंधकाचा वासही येत होता. मी भाऊंकडे बघितलं. भाताच्या बाबतीत भाऊंइतका नावं ठेवणारा माणूस वाडीत नव्हता. जरा फडफडीत झाला तरी ताट सारायचे. ते हळूहळू चावत होते. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"शिजलाय," भाऊ म्हणाले, आणि पान पुढे केलं. "आनी वाड."